जुनी बिल्ड सिस्टीम काढून टाकली, आता डॉक्स कसे आवरायचे

कमिट मर्ज झाली, ऑटोटूल्स या जुन्या बिल्ड सिस्टीमची (सोर्स कोडपासून प्रोग्रॅम बनवणारी साधनं) कॉन्फिगर.एसी गेली, सगळ्या फोल्डरमधल्या मेकफाईल.एएम गेल्या, डिफमधे नुसत्या लाल ओळी, टीम खूश. आणि पुढच्याच आठवड्यात नवीन जॉइन झालेली मुलगी विचारते, "ताई, ती ऑटोजेन.एसएच कुठल्या फोल्डरमधे आहे?" ती जुन्या सिस्टीमचीच स्क्रिप्ट, आता नाहीच. रीडमी आम्ही बदललेली होती, पण ती रीडमी वाचून आलीच नव्हती, ती आली होती विकीवरच्या एका पानावरून, जे काही वर्षांपूर्वी कोणीतरी लिहिलेलं आणि ज्याची लिंक जॉइनिंगच्या मेलमधे आजही जाते. तिचे दीड दिवस गेले त्यात, आणि ते दीड दिवस तिला वाटत राहिलं की आपल्यालाच काहीतरी येत नाहीये. मला ते फार लागलं. चूक आमच्या कागदांची आणि भोगतंय कोण तर जी सगळ्यात नवीन आहे ती. तेव्हापासून हे काम मी नीट शिकले, दोन प्रोजेक्टमधे केलं, तेच इथे लिहितेय.

उदाहरण ऑटोटूल्स काढून मेसन ही नवीन बिल्ड सिस्टीम आणल्याचं घेते कारण तेच मला आतून बाहेरून माहितीय आणि बऱ्याच सी प्रोजेक्ट्सनी तोच रस्ता घेतलाय, सिस्टीमडी २०१७ मधे गेलं, मेसाने २०१९ मधे ऑटोटूल्स काढले. तुमचं मेव्हनवरून ग्रेडल असेल किंवा क्यूमेकवरून सीमेक, पद्धत हीच, फक्त शब्द बदला. आणि कमांड्स मी इथे देवनागरीतच लिहितेय, टर्मिनलवर अर्थात नेहमीसारख्या टाईप करा.

आधी शोधा, आणि नावाने शोधू नका

पहिली चूक सगळे हीच करतात, मीपण केलेली, की रेपोमधे 'ऑटोटूल्स' हा शब्द शोधायचा, चारपाच ठिकाणी सापडतो, बदलायचा, झालं. अहो पण डॉक्समधे 'ऑटोटूल्स' असं कोण लिहितं? लोक लिहितात "नेहमीसारखं कॉन्फिगर करून मेक मारा". सिस्टीमचं नाव कुठेच नसतं, तिच्या सवयी सगळीकडे असतात, आणि शोधायचं ते त्या सवयींना. मी जी यादी घेऊन बसते ती अशी: कॉन्फिगर, ऑटोजेन, बूटस्ट्रॅप, ऑटोरीकॉन्फ, लिबटूल, एमफोर, मेक चेक, मेक डिस्ट, मेक डिस्टक्लीन, मेक व्ही=१, कॉन्फिग.लॉग, कॉन्फिग.स्टेटस, डॉट-एलए ने संपणाऱ्या फाइल्स, डॉट-लिब्स फोल्डर, व्हीपाथ, टॉप-एसआरसीडीआर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे '--एनेबल-', '--डिसेबल-', '--विथ-', '--विदाउट-' हे चार उपसर्ग. या शेवटच्या चारांनीच आमच्याकडे निम्म्याहून जास्त जागा सापडल्या. 'गिट ग्रेप' (गिटची शब्द शोधायची कमांड) ने करा, केस इग्नोर करून, आणि फक्त डॉक्स फोल्डरमधे नाही तर पूर्ण रेपोवर.

पूर्ण रेपोवर का, तर डॉक्युमेंटेशन म्हणजे नुसतं डॉक्स फोल्डर नव्हे. सोर्समधे एरर मेसेज असतो, "हे फीचर हवं असेल तर --विथ-एसएसएल देऊन परत बिल्ड करा", आता ही ओळ वाचणारा माणूस अडचणीत सापडलेला आहे, त्याला आपण जो सल्ला देतोय तो ऑप्शनच अस्तित्वात नाही, याच्याइतकं वाईट डॉक्युमेंटेशन दुसरं नसेल. मॅन पेजमधे असतं "--एनेबल-तमुक ने बिल्ड केलं असेल तरच चालेल". इश्यू टेम्प्लेटमधे असतं "कॉन्फिग.लॉग जोडा", आता ती फाइलच बनत नाही तर लोक काय जोडणार, आता मागायची ती बिल्ड फोल्डरच्या आत मेसन-लॉग्स मधली मेसन-लॉग.टीएक्सटी, आणि टेस्ट फेल झाली असेल तर तिथलीच टेस्टलॉग.टीएक्सटी. डॉकरफाईलमधल्या कमेंट्स, सीआयच्या (दर मर्जला आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणारी सिस्टीम) फाईलमधले स्टेपचे नाव, गिटइग्नोर, रिलीजची चेकलिस्ट, हेडर फाइलमधल्या कमेंट्स, हे सगळं बघायचं. रेपोच्या बाहेरचं तर वेगळंच: विकी, जॉइनिंगचा मेल, टीमच्या चॅटमधे पिन करून ठेवलेला मेसेज, कोणाच्या तरी ड्राइव्हमधली ट्रेनिंगची स्लाइड. याला ग्रेप चालत नाही, माणसांनाच विचारावं लागतं, "तू बिल्ड कसं करायचं हे पहिल्यांदा कुठे वाचलंस?" हा एक प्रश्न टीममधल्या प्रत्येकाला विचारा, विशेषतः गेल्या वर्षभरात आलेल्यांना. मला सात माणसांकडून पाच वेगवेगळी ठिकाणं कळली, त्यातली दोन मला माहीतच नव्हती.

एक खास जागा, इन्स्टॉल नावाची फाइल. ऑटोमेक जेव्हा कमी असलेल्या फाइल्स आपणहून टाकतं तेव्हा ती एक साचेबंद, कुठल्याही प्रोजेक्टला लागू पडेल अशी मोठी इन्स्टॉल फाइल टाकून जातं, आणि कोणीतरी ती कधीतरी कमिट केलेली असते. तिच्यात तुमच्या प्रोजेक्टबद्दल एक अक्षर नसतं पण कॉन्फिगरबद्दल पानंच्या पानं असतात. ऑटोटूल्स गेले तरी ही फाइल तशीच राहते, कारण ती कोणी लिहिलेलीच नसते त्यामुळे कोणाला आठवतही नाही. तसंच न्यूज, ऑथर्स, चेंजलॉग या फाइल्स, ऑटोमेकच्या ग्नू मोडला त्या असाव्याच लागतात म्हणून काही प्रोजेक्टमधे रिकाम्या ठेवलेल्या असतात. रिकाम्या असतील तर आता काढून टाका, त्यांना ठेवायचं कारण संपलं.

सापडलेलं सगळं एका शीटमधे भरा, जागा, काय लिहिलंय, आणि शेवटच्या रकान्यात चारपैकी एक शब्द: बदला, काढा, हलवा, राहू द्या. 'राहू द्या' हा शब्द मुद्दाम आहे. जुन्या रिलीजच्या नोट्समधे "व्हर्जन अमुकमधे --एनेबल-तमुक ऑप्शन आला" असं लिहिलंय ते खरं आहे, तेव्हा तो आला होता, इतिहास बदलायचा नाही. मी एकदा उत्साहात चेंजलॉगमधलेही ऑप्शन बदलले होते, एका सिनियर मेन्टेनर काकांनी रिव्ह्यूमधे थांबवलं, म्हणाले की जुन्या व्हर्जनवर बसलेल्या माणसाला तू खोटं सांगतेयस. बरोबर होतं त्यांचं.

आता बदलायचं, पण शब्दाला शब्द नाही

इथे माझं ठाम मत आहे, त्यामुळे जरा लांब लिहिते. नवीन माणसासाठी नवीन बिल्डचं पान लिहिणं सोपं आहे, तीन कमांड्स: 'मेसन सेटअप बिल्ड', 'मेसन कंपाइल -सी बिल्ड', 'मेसन इन्स्टॉल -सी बिल्ड'. अर्ध्या तासाचं काम. खरी गरज असते ती जुन्या माणसाला, ज्याच्या बोटांना दहा वर्षं कॉन्फिगर-मेक-मेक इन्स्टॉल ची सवय आहे, जो वर्षातून दोनदाच तुमचा प्रोजेक्ट बिल्ड करतो, जो डेबियन, फेडोरासारख्या कुठल्यातरी लिनक्स डिस्ट्रोसाठी पॅकेज बनवतो. त्याला शिकवणीचं पान नकोय, त्याला "आधी हे करायचो, आता काय" एवढंच एका पानावर हवंय. हे पान सगळ्यात आधी लिहा आणि सगळ्यात जास्त वेळ यावर घालवा.

सोप्या जोड्या पटापट होतात. मेक चेकच्या जागी 'मेसन टेस्ट'. मेक व्ही=१ च्या जागी 'निंजा -व्ही' (निंजा म्हणजे मेसनच्या मागे प्रत्यक्ष कंपाइल चालवणारं टूल). मेक -जे८ लिहायची गरज नाही कारण निंजा आपणहूनच समांतर चालतं. मेक डिस्टक्लीनच्या जागी बिल्ड फोल्डर सरळ उडवायचं. ऑटोजेनच्या जागी काहीच नाही, आणि हे "काहीच नाही" स्पष्ट लिहा, नाहीतर लोक शोधत बसतात, आमची ती मुलगी बसली तशी. कॉन्फिगर --हेल्प च्या जागी 'मेसन कॉन्फिगर बिल्ड', त्यात सगळे ऑप्शन आणि त्यांची आत्ताची व्हॅल्यू दिसते.

पण काही जोड्या दिसतात सारख्या आणि वागतात वेगळ्या, आणि डॉक्समधे खरा जीव ओतायचा तो इथे.

सगळ्यात मोठी म्हणजे ऑप्टिमायझेशन. ऑटोकॉन्फ काही न सांगता '-जी -ओ२' ने कंपाइल करतं. मेसन काही न सांगता डीबग बिल्ड करतं, म्हणजे ऑप्टिमायझेशन शून्य. जो माणूस जुन्या सवयीने कुठलाही ऑप्शन न देता बिल्ड करून प्रॉडक्शनवर टाकेल त्याला सगळं नीट चाललेलं दिसेल, फक्त हळू. कुठेही एरर नाही. तो तुमच्याकडे "नवीन व्हर्जन स्लो झालंय" अशी तक्रार घेऊन येईल आणि तुम्ही आठवडाभर प्रोफायलर लावून बसाल. प्रोजेक्टच्याच मेसन.बिल्ड मधे डीफॉल्ट बिल्डटाईप 'डीबगऑप्टिमाइज्ड' ठेवता येतो, तो ठेवा, तो जुन्या वागण्याच्या सगळ्यात जवळ जातो, आणि ठेवला असला तरी डॉक्समधे लिहा की ठेवलाय.

दुसरी, लायब्ररी कुठे जाते ती जागा. ऑटोटूल्समधे प्रीफिक्सखाली (इन्स्टॉलची मूळ जागा) 'लिब', विषय संपला. मेसन डिस्ट्रो बघून ठरवतं, ६४-बिट डेबियन किंवा उबुंटूवर 'लिब/एक्स८६_६४-लिनक्स-ग्नू', फेडोरावर 'लिब६४'. डॉक्समधे जिथे जिथे "पीकेजी-कॉन्फिग-पाथ मधे /यूएसआर/लोकल/लिब/पीकेजीकॉन्फिग टाका" असं लिहिलंय ते सगळं एका रात्रीत चुकीचं झालं. त्याहून वाईट, ज्याने जुनं व्हर्जन स्वतः मेक इन्स्टॉल केलंय त्याच्या मशीनवर जुनी लायब्ररी जुन्या जागी राहते, नवीन नव्या जागी येते, आणि प्रोग्रॅम जुनीच उचलू शकतो. म्हणून अपग्रेडच्या पानावर पहिली ओळ ही हवी की नवीन बिल्ड करायच्या आधी जुन्या सोर्स फोल्डरमधे जाऊन 'मेक अनइन्स्टॉल' करा. आमच्याकडे ही ओळ तीन बग रिपोर्ट आल्यावर आली, आधीच असती तर त्या तीन लोकांचा वेळ वाचला असता. आणि प्रीफिक्स /यूएसआर दिला तर अजून एक फरक, ऑटोटूल्स कॉन्फिग फाइल्स /यूएसआर/ईटीसी मधे टाकायचं जोपर्यंत तुम्ही वेगळं सांगत नाही, मेसन सरळ /ईटीसी घेतं. पॅकेज बनवणारे हे आधी हाताने द्यायचेच, त्यांना आता द्यायची गरज नाही एवढं सांगा.

तिसरी, ऑप्शन्स. '--एनेबल-फू' ला '-डीफू=ट्रू' असा सरसकट नियम लिहून मोकळं होऊ नका. मेसनमधे साधा बूलियन ऑप्शन असतो त्याला ट्रू किंवा फॉल्स, आणि फीचर नावाचा वेगळा प्रकार असतो त्याला एनेबल्ड, डिसेबल्ड किंवा ऑटो. फीचरला ट्रू दिलं तर चालत नाही. त्यामुळे प्रत्येक जुना ऑप्शन घेऊन त्याच्यासमोर नवीन पूर्ण ओळ लिहा, व्हॅल्यूसकट, आमचे ३४ होते, कंटाळा येतो पण दुसरा मार्ग नाही. आणि जे ऑप्शन काढूनच टाकलेत तेही त्या टेबलमधे राहू द्या, समोर लिहा "काढला, आता नेहमी चालूच असतो" किंवा जे काय असेल ते. लोक जुन्या नावानेच शोधतात, सर्च इंजिनमधे जुनंच नाव टाकतात, नवीन पानावर जुनं नाव नसेल तर ते नवीन पानावर पोचणारच नाहीत, कुठल्यातरी दहा वर्षं जुन्या उत्तरावर पोचतील.

चौथी, सी-फ्लॅग्ज, म्हणजे कंपाइलरला द्यायचे ऑप्शन. जुन्या डॉक्समधे "सीफ्लॅग्ज बदलून परत मेक करा" असं असेल तर ते आता लागू नाही, मेसन एन्व्हायर्नमेंटमधले सीफ्लॅग्ज फक्त पहिल्या सेटअपच्या वेळी वाचतं, नंतर कितीही बदला, ते बघतही नाही. नंतर बदलायचे तर 'मेसन कॉन्फिगर' ने सी-आर्ग्ज द्यायचे. डेस्टडीआरचंही (इन्स्टॉल वेगळ्या तात्पुरत्या फोल्डरमधे करायची सेटिंग) तसंच, मेक इन्स्टॉलच्या मागे डेस्टडीआर लिहायची सवय असते, आता ते कमांडच्या आधी एन्व्हायर्नमेंट म्हणून लिहायचं किंवा 'मेसन इन्स्टॉल' ला '--डेस्टडीआर' द्यायचं.

पाचवी डेव्हलपर गाइडसाठी, आणि ही सुखाची आहे. लिबटूल (ऑटोटूल्समधलं लायब्ररी बनवणारं टूल) असताना बिल्ड फोल्डरमधला प्रोग्रॅम म्हणजे खरा प्रोग्रॅम नसायचा, एक शेल स्क्रिप्ट असायची, खरा आत डॉट-लिब्स मधे, म्हणून जीडीबी हा डीबगर लावायचा तर 'लिबटूल --मोड=एक्झिक्यूट जीडीबी' असं लांबलचक लिहावं लागायचं. आमच्या गाइडमधे यावर दीड पान होतं, नीट समजावून लिहिलेलं, कोणीतरी मनापासून लिहिलेलं. आता सरळ जीडीबी लावा, चालतं. ते दीड पान काढताना मला थोडं वाईट वाटलं, पण काढायचंच, "पूर्वी असं करावं लागायचं" अशी तळटीप ठेवायचा मोह होतो, ठेवू नका. अडचणच राहिली नाही तर तिचा उपाय वाचून नवीन माणूस उगाच गोंधळतो.

किमान व्हर्जन लिहा, आणि ते खरं तपासून लिहा

डॉक्समधे नुसतं "मेसन इन्स्टॉल करा" लिहून चालत नाही. डेबियन ११ मधे मेसन ०.५६ येतं, उबुंटू २२.०४ मधे ०.६१, डेबियन १२ मधे १.०. तुम्ही लिहिताना तुमच्या लॅपटॉपवर सगळ्यात नवीन असतं, तुमच्या मेसन.बिल्डमधे कुठेतरी नवीन फंक्शन वापरलं गेलं की जुन्या डिस्ट्रोवाल्याला पहिल्याच कमांडला एरर. मेसन.बिल्डमधे किमान व्हर्जन दिलेलं असतं, डॉक्समधे तोच आकडा यायला हवा, शक्य असेल तर तिथूनच आपोआप उचलला जाऊ दे, हाताने दोन जागी लिहिला की एक जागा मागे राहणारच. आणि ज्यांच्या डिस्ट्रोमधे जुनं आहे त्यांनी पिपने (पायथॉनचं पॅकेज टूल) कसं घ्यायचं ती एक ओळ द्या. अजून एक, इंटरनेटवर 'मेसन बिल्ड' अशी जुनी छोटी कमांड खूप ठिकाणी दिसते, सेटअप शब्द न लिहिता, ती ०.६४ पासून डेप्रिकेटेड आहे, तुमच्या डॉक्समधे ती कॉपी होऊन आली नाही ना ते बघा. नवीन डॉक्स पहिल्या दिवशीच वॉर्निंग देत असतील तर कोण विश्वास ठेवेल.

रिलीजचं पान वेगळं वाचा

रिलीज कशी काढायची ते पान सहसा एकदोन लोकच वाचतात म्हणून राहून जातं, पण तिथे फरक नुसता कमांडचा नाही. 'मेक डिस्ट' जी टारबॉल (सोर्सची एकत्र बांधलेली फाइल) बनवायचं तिच्यात कॉन्फिगर स्क्रिप्ट आणि इतर जनरेट केलेल्या फाइल्स असायच्या ज्या गिटमधे नसतात. म्हणजे टारबॉल आणि गिट वेगळे असणं हे नॉर्मलच मानलं जायचं. मार्च २०२४ मधे एक्सझेड या कॉम्प्रेशन टूलमधे बॅकडोअर, म्हणजे लपवलेला चोरदरवाजा सापडला, ५.६.० आणि ५.६.१ मधला, तेव्हा त्यातला सुरुवात करून देणारा एमफोरचा (ऑटोटूल्स वापरतं ती मॅक्रो भाषा) तुकडा गिटमधे नव्हताच, फक्त टारबॉलमधे होता, आणि एवढ्या जनरेट झालेल्या फाइल्सच्या ढिगात तो कोणाच्या डोळ्याला खुपला नाही. 'मेसन डिस्ट' गिटमधे कमिट झालेलंच घेतं, त्याची टारबॉल बनवतं, आणि ती उघडून बिल्ड करून टेस्टही चालवून बघतं. म्हणून रिलीजच्या पानावर फक्त कमांड बदलू नका, हे का आणि काय बदललं ते लिहा: आता टारबॉलमधे कॉन्फिगर नाही, टारबॉल घेणाऱ्यालाही मेसन लागेल, एक्सटेन्शन डीफॉल्टला एक्सझेड आहे, आणि टारबॉल गिट टॅगशी ताडून बघता येते. पॅकेज बनवणाऱ्यांना हे पहिल्या रिलीजच्या आधी कळायला हवं, रिलीजच्या दिवशी नाही.

(तो बॅकडोअर ज्यांनी शोधला ते आंद्रेस फ्रॉइंड, पोस्टग्रेस या डेटाबेसमधे मेसन आणण्याचं मुख्य कामही त्यांचंच. मला हे कळलं तेव्हा खूप छान वाटलं होतं.)

जुनी व्हर्जन्स अजून जिवंत असतात

पोस्टग्रेसचंच उदाहरण घ्या, शिकण्यासारखं आहे. व्हर्जन १६ मधे, सप्टेंबर २०२३ ला, मेसन आलं पण ऑटोकॉन्फही ठेवलं, आणि डॉक्समधे दोन्हींचे वेगवेगळे सेक्शन केले, एकात एक मिसळले नाहीत, वाचणारा आपला रस्ता निवडतो आणि त्याच रस्त्याने शेवटपर्यंत जातो. हे बरोबर आहे, "मेसन वापरत असाल तर हे, नाहीतर ते" असं प्रत्येक परिच्छेदात केलं की दोघांचाही वाचताना जीव जातो. मग विंडोजसाठी जी वेगळी जुनी एमएसव्हीसीची स्क्रिप्टवाली सिस्टीम होती ती व्हर्जन १७ मधे, सप्टेंबर २०२४ ला, काढली. तिच्यासाठी डॉक्समधे एक अख्खं चॅप्टर होतं, ते गेलं, आणि जे अजून खरं होतं, म्हणजे व्हिज्युअल स्टुडिओसाठी काय काय लागतं वगैरे, ते प्लॅटफॉर्मच्या नोट्समधे हलवलं. चॅप्टर गेल्यामुळे पुढचे सगळे आकडे एकने खाली सरकले, सर्व्हर कॉन्फिगरेशन १६ मधे विसावं चॅप्टर होतं ते १७ मधे एकोणिसावं झालं. आता कोणी आपल्या नोट्समधे "विसावं चॅप्टर बघा" लिहून ठेवलं असेल तर तो भलत्याच ठिकाणी पोचेल. म्हणून डॉक्समधे चॅप्टरच्या आकड्याने संदर्भ द्यायचाच नाही, नावाने द्यायचा आणि लिंक अँकरला द्यायची, आणि हे काम चॅप्टर काढायच्या आधी करून ठेवायचं.

आणि व्हर्जन १६ नोव्हेंबर २०२८ पर्यंत सपोर्टमधे आहे. म्हणजे तोपर्यंत ती जुनी पद्धत कोणासाठी तरी चालू पद्धत आहे, तिचे डॉक्स १६ च्या पानांवर तसेच उभे आहेत आणि असायलाच हवेत. तुमच्याकडे व्हर्जनप्रमाणे डॉक्स नसतील तर जुनं पान उडवण्याआधी शेवटच्या जुन्या रिलीजचे डॉक्स एका जागी गोठवून ठेवा आणि वर ठळक पट्टी लावा, "हे अमुक व्हर्जनपर्यंतच, नवीन इथे बघा". जुनी यूआरएल मरू देऊ नका, रीडायरेक्ट द्या, आणि रीडायरेक्ट होमपेजवर नाही तर त्या "आधी हे, आता हे" पानावर. मेन्टेनन्स ब्रँचवर मात्र चुकूनही नवीन डॉक्स बॅकपोर्ट करू नका, आमच्याकडे एकाने चांगल्या मनाने केले होते आणि त्या ब्रँचवर मेसन.बिल्डच नव्हती.

कधी काय मर्ज करायचं

नवीन पद्धतीचे डॉक्स जुनी सिस्टीम काढायच्या किमान एक रिलीज आधी जायला हवेत. जुनी सिस्टीम काढणारी कमिट आणि जुने डॉक्स काढणारी कमिट एकाच मर्जमधे, म्हणजे कोणाला ती रिव्हर्ट करावी लागली तर दोन्ही एकत्र परत येतात. एरर मेसेजमधले बदल मात्र वेगळे आणि लवकर करा, कारण ते ट्रान्सलेशनच्या पीओ फाइल्समधे जातात, स्ट्रिंग फ्रीझनंतर (रिलीजआधी मेसेज बदलणं बंद होतं तेव्हापासून) बदलले तर भाषांतर करणाऱ्यांनी केलेलं काम वाया जातं, आणि ते लोक बहुतेक फुकट, रात्री जागून करतात, त्याची जाण ठेवा. एरर मेसेज लिहितानाच कमांड लिहू नका असंही मी म्हणेन, "हे एसएसएल सपोर्टशिवाय बिल्ड केलंय" एवढं पुरतं, म्हणजे पुढच्या वेळी बिल्ड सिस्टीम बदलली तरी ती ओळ खरीच राहील.

तपासणी

प्रत्येक कमांड रिकाम्या कंटेनरमधे चालवा, तुमच्या लॅपटॉपवर नको, तिथे गेल्या पाच वर्षांत इन्स्टॉल केलेलं सगळं पडलेलं असतं आणि ते तुमच्या चुका झाकतं. डेबियनची कोरी इमेज घ्या, डॉक्समधून कॉपी करा, पेस्ट करा, हाताने काही सुधारू नका, अडलं की डॉक्स सुधारा आणि पहिल्यापासून सुरू करा. मला चार फेऱ्या लागल्या. पहिल्या फेरीत कळलं की आम्ही पीकेजी-कॉन्फिग इन्स्टॉल करायला सांगितलंच नव्हतं, सगळ्यांकडे ते आधीपासून होतं म्हणून.

मग एक माणूस बसवा ज्याने प्रोजेक्ट आधी बिल्ड केलेला नाही. मी त्याच मुलीला विचारलं, करशील का, ती लगेच तयार झाली. तिच्या मागे बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं, हे फार कठीण जातं पण ठेवायचं. ती कुठे थांबते, कुठे परत वर स्क्रोल करते, कुठली ओळ दोनदा वाचते, ते लिहून घ्यायचं. ती 'मेसन कंपाइल -सी बिल्ड' मधल्या '-सी' वर अडली, तिला वाटलं सी लँग्वेजसाठी आहे. कोणत्याही जुन्या माणसाला हे कधीच सुचलं नसतं. आता तिथे एक ओळ आहे की हे फोल्डरचं नाव सांगण्यासाठी आहे, आणि ती ओळ तिनेच लिहिली, तिची या प्रोजेक्टमधली पहिली कमिट.

शेवटचं काम सीआयमधे. सुरुवातीला शोधायला जी यादी केली तीच एका फाइलमधे टाका आणि दर मर्जला ग्रेप चालू द्या, त्यातला शब्द नवीन ओळीत आला तर बिल्ड लाल. चेंजलॉग, जुन्या रिलीज नोट्स आणि तुलनेचं पान यांना सूट द्या. आमच्याकडे हे लागल्यापासून चार महिन्यांत नऊ वेळा पकडलं गेलं, दर वेळी कोणीतरी हाताच्या सवयीने 'मेक चेक' लिहिलेलं. आणि ते जॉइनिंगचं मेल टेम्प्लेट, ते रेपोमधे नाही म्हणून सीआयला दिसत नाही, ते मी दर तिमाहीला स्वतः उघडून वाचते, कॅलेंडरमधे लावून ठेवलंय.